बिनहॉर्नची गाडी

सर्व्हेअरने स्टिअरिंगच्या मधोमध तळहात दाबला, पण गाडी काहीच बोलली नाही. त्याने पुन्हा दाबला. मग अंगठ्याने दाबून पाहिलं, मग कोपराने. शेवटी खिडकीतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला,

"मालक, हॉर्न?"

"वाजत नाही," धाकटे म्हणाले.

"बिघडलाय?"

"बिघडलेला नाही. वायर काढून ठेवलीय."

दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या पुतणीने कपाळाला हात लावला. तिच्या बोटांचं तेल कपाळावर उमटलं.

"काका! काल रात्री मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"जोडून ठेवा म्हणालीस."

"आणि तुम्ही?"

"हो म्हणालो."

धाकटे अडुसष्ट वर्षांचे होते. मिशा पांढऱ्या, पाठ जराशी वाकलेली. पण सगळी आळी त्यांना अजून धाकटेच म्हणत असे, कारण एके काळी त्यांच्या शेजारी थोरले असायचे. दोघा भावांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान. थोरल्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी धाकट्यांना काही बढती मिळाली नव्हती. थोरल्यांची मुलगी आता दुकान बघत असे. चाळिशीची, चष्म्याची, आणि हाताला थेट बापाचं वळण. कानस चालवताना तीही बापासारखाच श्वास रोखून धरायची.

थोरल्यांचे कान म्हणजे आळीतला एक चमत्कार होता. समोरच्याच्या खिशातल्या घड्याळाची टिकटिक ऐकून ते म्हणे त्यात किती वाजलेत ते सांगत. एकदा एक गिऱ्हाईक दाराशी नुसतं खाकरलं, तर थोरले आतून म्हणाले, "बंदूक ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा, उजव्या फुप्फुसात पाणी झालंय." आणि झालेलं होतं! गिऱ्हाईक बरं होऊन आलं, बंदूक मात्र न्यायला विसरलं, इथवर ही गोष्ट सांगितली जायची. विश्वास ठेवायचा की नाही ते ऐकणाऱ्याने ठरवावं. आळीने ठेवला होता.

सर्व्हेअर आला होता तो विम्यासाठी. गेल्या चार महिन्यांत या एका गाडीचा विमा तीन कंपन्यांनी रद्द केला होता. पहिलीने पत्रात लिहिलं, 'आपल्या व्यवसायाचे स्वरूप पाहता'. दुसरीनेही तेच लिहिलं, फक्त पॉलिसी दिल्यावर अकराव्या दिवशी. तिसरीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. त्यांचं पत्र पॉलिसीच्या आधी येऊन पोचलं.

पुतणीने फोनवर भांडून भांडून आवाज बसवून घेतला होता.

"अहो, त्या कोपऱ्यावरच्या बेकरीची गाडी दोनदा जळली, तिला विमा आहे. सर्कशीतल्या सिंहाच्या गाडीला विमा आहे. आमच्या गाडीने आजवर कुणाला खाल्लंय का?"

पलीकडची बाई म्हणाली होती, "मॅडम, सिंहाचा कॉलम आहे. बंदुकीचा नाही."

आणि विमा नसला तर गाडीच्या बरोबर दुकानही जाणार होतं. परवान्याची अटच तशी. बँकेच्या पहारेकऱ्यांच्या, नेमबाजी क्लबच्या, शेतावर पाखरं हाकणाऱ्यांच्या बंदुका आणायच्या-पोचवायच्या त्या दुकानाच्या स्वतःच्या, विमा उतरवलेल्या गाडीतूनच. चौथी कंपनी कशीबशी तयार झाली होती, पण आधी माणूस पाठवून सगळं तपासून घेणार होती. जुनं कव्हर आज संध्याकाळी सहाला संपत होतं.

सर्व्हेअर बारीक चणीचा, सर्दी झालेला आणि बंदुकांना घाबरणारा होता. दुकानात शिरताना तो भिंतीवरच्या रिकाम्या बंदुकांसमोरून आडवा होऊन चालला होता, जणू रुंदी कमी केली की धोकाही कमी होतो. गाडीपाशी आल्यावर मात्र त्याच्यात जीव आला. त्याने हॉर्नपुढे फुली मारली, खाली उतरला आणि डाव्या दाराशी गेला.

"ही सीट अशी का बसलीय?"

"जुनी आहे," धाकटे म्हणाले.

"उजवी पण तेवढीच जुनी आहे. हिची फक्त दाराकडची कड गेलीय." त्याने वाकून रेक्झिनवर हात फिरवला. "इथे कुणी दाराला पाठ लावून, आडवं बसायचं का?"

"बाबा बसायचे," पुतणी म्हणाली. "काकांकडे तोंड करून. दोघांच्या गप्पा चालायच्या ना." मग हसून म्हणाली, "काकांच्या अजून चालतात. एकटे असले तरी. तेही एवढ्या मोठ्याने, की सिग्नलला माणसं वळून बघतात."

धाकट्यांनी खिशातून फडकं काढलं आणि कोरडे हात पुसायला घेतले.

सर्व्हेअरने सर्दी आत ओढली आणि फेऱ्यांचं रजिस्टर उघडलं. परवान्याच्या नियमाप्रमाणे गाडीची प्रत्येक फेरी त्यात लिहावी लागे. कुठे, किती किलोमीटर, कोणता माल. त्याचं बोट ओळींवरून उतरत गेलं आणि थांबलं. मग पान उलटून त्याच जागी थांबलं, मग आणखी एका पानावर.

"दर महिन्याचा पहिला मंगळवार. चौदा किलोमीटर. माल, काही नाही." त्याने वर पाहिलं. "काही नाही पोचवायला चौदा किलोमीटर?"

"हवा भरायला जातो."

"इथे कोपऱ्यावर पंप आहे की."

"तिथली हवा चांगली आहे."

पुतणीने काकांकडे बघितलं. हे तिलाही नवीन होतं. पण सर्व्हेअर शिंकला, त्याला रुमाल सापडेना, तिने आतून कागदाचा रोल आणून दिला, आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

दुकानात आल्यावर त्याने कामाची पद्धत विचारली. हा भाग पुतणीला आवडायचा.

"बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना उघडायची. पहिल्याने नळीतून उजेड बघायचा आणि मोठ्याने म्हणायचं, 'रिकामी'. मग दुसऱ्याने बघायचं आणि त्यानेही म्हणायचं, 'रिकामी'. मगच ती जागची हलते. आमच्या आजोबांपासूनची रीत आहे."

"दोनदा कशाला?"

"आजोबांच्या वेळी एका पहारेकऱ्याने वीस वर्षं न उघडलेली बंदूक आणली होती. आजोबांनी उघडली तर आत गांधीलमाश्यांचं पोळं. पहारेकरी म्हणाला, तरीच! मला वाटायचं ही ड्यूटीवर गुणगुणते, म्हणून मीही हिच्याबरोबर गायचो."

सर्व्हेअर पहिल्यांदाच हसला. हसला आणि मऊही झाला. त्याने पिशवीतून एक छापील कागद काढून बाकावर ठेवला.

"तसं सगळं ठीक आहे. हॉर्न जोडून घ्या, सीट बदला. आणि हे प्रतिज्ञापत्र. आता मालकाने सही करायची, खाली भागीदाराने. मी आजच पाठवतो. सहाच्या आत होऊन जाईल."

पुतणीने कागद मोठ्याने वाचला.

"'सदर वाहनात अथवा वाहनामुळे, शस्त्राच्या वाहतुकीशी संबंधित कोणतीही दुर्घटना आजवर घडलेली नाही, असे आम्ही प्रतिज्ञेवर लिहून देतो.' झालं! काका, करा सही. वीस वर्षांत एक क्लेम नाही आपला."

धाकट्यांनी चष्मा लावला. पेन घेतलं. सही केली. ही सही त्यांनी हजार वेळा केली असेल. शेवटच्या अक्षराची शेपटी ते नेहमी बंदुकीच्या दस्त्यासारखी वळवत, तशीच वळवली. पेन पुतणीकडे दिलं.

तिने न बघता कागद पुढे ओढला. म्हणजे कागद बघितला, पण काकांची सही झाल्यावर आणखी काय बघायचं असतं? तिने पेन टेकवलं.

"थांब," धाकटे म्हणाले.

"काय झालं?"

"तू कशावर सही करतेयस?"

"तुम्ही केलीत त्यावर."

धाकट्यांनी बाकाकडे बघितलं. बाकावर एक उघडलेली दुनळी पडली होती. नंतर त्यांनी ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि ते बाहेर चालू लागले.

"ये," ते म्हणाले. "बघितल्याशिवाय म्हणू नकोस."

गाडीत डाव्या सीटच्या वर, जरा उजवीकडे, छताला वहीच्या पानाएवढा एक पत्रा होता. त्याच्यावर छताचाच रंग मारलेला. पुतणीने तो शेकडो वेळा पाहिला होता. गंज लागला होता म्हणून लावला, असं तिला सांगितलेलं, आणि गंजाबद्दल कोण जास्त विचारतो. धाकट्यांनी चारही स्क्रू काढले. हात उंच धरून दुखत होता तरी मदत घेतली नाही. पत्रा सुटला. पुतणीने चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट वर घातलं.

बाहेरून पुट्टी भरून रंगवलेलं होतं. आतून मात्र लिंबाएवढं भोक होतं तसंच होतं. तिचं बोट त्याच्या कडेकडेने फिरलं. सगळी कड वरच्या बाजूला वळलेली.

"गंज असं करत नाही," ती हळूच म्हणाली. पुन्हा बोट फिरवलं. "बारा बोअर. अगदी जवळून. काका, हे आतून गेलंय."

"हो."

"कधी?"

"बारा वर्षं झाली." धाकटे गाडीच्या पायरीवर बसले. सर्व्हेअर रुमाल नाकाला धरून मागे उभा होता. त्याला जा असंही कुणी म्हणालं नाही, थांब असंही नाही. "एका शेतावरून बंदूक घ्यायला गेलो होतो. घोडा टिकत नव्हता तिचा, म्हणून दुरुस्तीला. दादा गाडीत बसलेला. मी खिडकीशी. बंदुकीचा मालक बोलका होता. त्याच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होता. मी ऐकत होतो, हसत होतो. हसता हसता म्हणालो, 'रिकामी', आणि दिली आत."

"न बघता?"

"न उघडता. तोंडाला सवय असते ना."

"आणि बाबांनी?"

"मी म्हणालो म्हणून तोही म्हणाला, 'रिकामी'. दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली. फाटकाशी खड्डा होता."

रस्त्यावरून एक सायकल गेली. तिची घंटी वाजली, तेवढ्यानेही धाकट्यांचे खांदे आक्रसले.

"त्याला काही लागलं नाही. केस थोडे जळले. मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काय काय बोलत होतो आणि तो नुसता तोंडाकडे बघत होता. उजवा कान गेला. कायमचा. दुसऱ्यालाही मार बसला होता, पण तो थोडा परतला. कुणाला कळलं असतं तर परवाना गेला असता. तू तेव्हा नुकतं दुकानाचं काम शिकत होतीस. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून हा पत्रा बसवला. तो म्हणाला, मीही नाही बघितलं, धाकट्या. पुढे त्याबद्दल एक शब्द नाही."

पुतणी सीटच्या बसलेल्या कडेकडे बघत होती.

"जेवताना मला नेहमी डाव्या हाताला बसवायचे," ती म्हणाली. "आई चिडायची. मी म्हणायचे, बाबांची लाडकी आहे मी, म्हणून." तिने चष्मा खाली घेतला, फुंकर मारली, पुसला, पण लावला नाही. "आणि घड्याळ?"

"घड्याळ खरं होतं. आधी. नंतर गोष्टच तेवढी उरली. लोक सांगायचे, तो हसायचा."

धाकटे वाट बघत राहिले. ती आता तिथे पोचणार हे त्यांना ठाऊक होतं. गेली सहा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ते तिथेच जाऊन उभे राहत होते.

"तीनहॉर्न," ती म्हणाली.

थोरले गेले ते रस्ता ओलांडताना. ट्रक उजवीकडून आला होता. ट्रकवाला पोलिसांना, वकिलाला, न्यायाधीशाला, शेवटी कोर्टाच्या चहावाल्यालाही एकच सांगत राहिला, 'साहेब, मी तीनदा हॉर्न दिला. तीनदा.' लोकांनी त्याचं नावच तीनहॉर्न पाडलं. पोरं त्याला बघितलं की तोंडाने तीनदा भोंगा वाजवायची. त्याचा परवाना गेला, दोन वर्षं आत गेला, आणि बाहेर आला तो हायवेवर पंक्चर काढायला बसला. कोर्टात धाकट्यांनी साक्ष दिली होती, 'माझ्या भावाचे कान आळीत सगळ्यांत तिखट.' दुसरी साक्ष मुलीची.

"मी घड्याळाची गोष्ट सांगितली होती," पुतणी म्हणाली. "शपथ घेऊन. न्यायाधीश म्हणाले, ज्याला टिकटिक ऐकू येते त्याला ट्रकचा हॉर्न ऐकू येणार नाही? सगळे हसले होते. मीसुद्धा हसले, काका. रडत होते तरी हसले."

"मी आधी म्हणालो होतो, म्हणून तू म्हणालीस."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"म्हणजे हवा भरायला तिथे जाता? जाऊन करता काय, दर महिन्याला?"

"समोर गाडी उभी करतो. तो कामात असतो. अर्धा तास बसतो. दादा शेजारी असतो, त्याला म्हणतो, उतरू का? मोठ्याने विचारावं लागतं." धाकट्यांनी फडक्याने पुन्हा कोरडे हात पुसले. "दादा काही बोलत नाही. मग परत येतो."

सर्व्हेअरने घसा साफ केला. दोघांनीही एकदम वळून बघितलं, जणू तो आत्ताच उगवला.

"मालक, मी हे ऐकलं. मला लिहावं लागेल."

"लिहा," पुतणी म्हणाली.

"मग कव्हर मिळणार नाही. आमच्याकडूनही नाही, दुसऱ्या कुणाकडूनही नाही. असं एकदा नोंदलं की सगळीकडे दिसतं. आणि परवान्याचे लोकही येतील."

ती आत गेली. बाकावरचा कागद उचलला, काकांच्या सहीखालची रिकामी रेघ बघितली, आणि कागदाची एकदाच घडी घालून सर्व्हेअरच्या हातात दिला.

"मी बघितलंय," ती म्हणाली. "'रिकामी' नाही म्हणत मी."

सर्व्हेअरने कागद पिशवीत ठेवला. खरं तर त्याचं काम संपलं होतं. पण तो घुटमळला. मनगट वळवून त्याने घड्याळ पाहिलं.

"पावणेतीन झालेत," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "सहापर्यंत गाडीला कव्हर आहे. कायद्याने आहे. चौदा किलोमीटरला अर्धा तास लागत असेल."

धाकटे उठले. गाडीचं बॉनेट उघडून आत वाकले. त्यांची बोटं कुठे काय आहे ते शोधत बसली नाहीत. आठ वर्षं झाकून ठेवलेलं वायरचं टोक त्यांनी क्षणात काढलं, दातांनी सोललं आणि पिळून जोडलं. कधी गाडीच्या फिटनेस तपासणीच्या दिवशी ते हेच टोक सकाळी जोडत आणि येताना वाटेतच पुन्हा काढत. बॉनेट बंद करून ते सवयीने उजव्या दाराकडे वळले, तर तिथे पुतणी आधीच बसली होती.

"तिकडून या," ती म्हणाली.

डाव्या दाराचं हँडल धरून ते क्षणभर उभे राहिले. मग चढले. सीटवर सरळ बसायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ती सीट कुणाला सरळ बसू देणारी नव्हती. घसरून त्यांची पाठ दाराला टेकली आणि तोंड आपोआप पुतणीकडे झालं. वर छतात लिंबाएवढं भोक तसंच उघडं होतं.

सर्व्हेअरने फॉर्मवरची हॉर्नपुढची फुली खोडली आणि आपली पिशवी उचलून कोपऱ्यापर्यंत चालत गेला.

वाटेत एकदा पुतणीने काहीतरी विचारलं, इंजिनच्या आवाजात त्यांना ते कळलं नाही, आणि ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

पंक्चरचं दुकान म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. रस्त्याकडे पाठ करून एक माणूस पाण्याच्या टबापाशी उकिडवा बसला होता. ट्यूब पाण्यात दाबून, बुडबुडे कुठून येतात ते मान तिरकी करून बघत होता. पुतणीने गाडी समोर उभी केली नाही. रस्ता ओलांडून थेट खांबाशी आणून लावली. इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले.

धाकटे पुढे वाकले. त्यांनी तळहात स्टिअरिंगच्या मधोमध ठेवला आणि दाबला.

टबातले हात थांबले.

त्यांनी दुसऱ्यांदा दाबला. माणसाने मागे बघितलं नाही. पोरांनी इतकी वर्षं तोंडाने वाजवलेला भोंगा त्याला पाठ होता. असं काही झालं की मागे बघायचं नाही, हेही पाठ होतं.

तिसऱ्यांदा त्यांनी फार वेळ दाबून धरला.

हॉर्न थांबल्यावर माणूस उठला. हात अंगावरच्या बनियनला पुसत वळला. गाडी बघितली, दारावर दोघा भावांच्या नावाची फिकट पाटी बघितली, मग आत बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. जरा पुढे आला आणि खिडकीशी थांबला.

"हवा भरायचीय?" त्याने विचारलं.

धाकट्यांनी दार उघडलं.

"नाही," ते म्हणाले. "ऐकू आला. दादाला येत नव्हता."